धुक्यात मोजलेली माणसं

आमच्या भिवंडीत आवाजानं कुणाची झोप मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. कापडाचे लूम चालू आहेत तोवर पाळण्यातलं पोर गाढ झोपलेलं असतं, म्हातारी घोरत असते, मांजर खिडकीच्या कठड्यावर डोळे मिटून पडलेलं असतं. लूम थांबले की पोर ओठ काढतं, मांजर उठून उभं राहतं आणि म्हातारी अंथरुणातूनच विचारते, "काय झायला?" कारण इथं शांततेचा अर्थ सहसा बरा निघत नाही. वीज गेलेली असते, कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर गावात कुठंतरी काहीतरी पेटलेलं असतं.

दिवाळीची शांतता तेवढी चांगली. कामगार मुलखाला जातात, कारखान्यांची शटरं खाली येतात. पण अंगाला हे कुठं कळतं? दरवर्षी या आठवड्यात आमच्या शेलारच्या आळीत माणसं विनाकारण ओट्यावर येऊन उभी राहतात, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघतात आणि परत आत जातात. आज पाडव्याची दुपार. समोरचा शेजारी आत्ता तिसऱ्यांदा बाहेर आला. मी त्याला हात केला, त्यानं मला केला. बघायला काही नाही हे दोघांनाही माहीत आहे. ऐकायला काही नाही, म्हणून तो बघतोय.

असं झालं की मला एका डोंगरावरचं धुकं आठवतं, आणि त्या धुक्यात मी केलेला गाढवपणा.

तीन वर्षं झाली. त्या साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या. एरवी निम्मे लूम दिवाळीला थांबतात, निम्मे ईदला. त्या साली सगळे एकदम थांबले. एवढी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. पाहिली नव्हती असंच म्हणतो; ऐकली नव्हती म्हणायचा मला अधिकार नाही. कारण माझे कान गेले होते.

पूर्ण नव्हे. बारीक आवाज गेले होते. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, पैंजण, मोबाईल, लहान पोरांची बोलणी. जाड आवाज शिल्लक होते: ट्रक, ढोल आणि पारूआत्या. आत्या म्हणजे माझ्या वडलांची बहीण, वय सत्तर, तिचा आवाज खाडीपलीकडं पोचतो. ती कधीही काहीही बोलली तरी मला ऐकू यायचं, आणि त्या जोरावर मी चार वर्षं जगाला सांगत होतो की माझे कान ठणठणीत आहेत.

लपवत होतो त्याला कारण होतं, आबा. माझे वडील. भातशेतीची एक पट्टी विकून त्यांनी चार जुने लूम आणले, त्यांचे बारा केले, आणि शेवटची सहा वर्षं त्यांना ठार ऐकू येत नव्हतं. ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून हसायचे. कुणी काहीही बोललं की मान हलवायची आणि हसायचं. एकदा गल्लीतला एकजण, त्याचा भाऊ वारला हे सांगायला आला. आबा हसून म्हणाले, "हां, हां. बरं झालं." तो माणूस पायरीवरूनच परत फिरला. मी दारातून पाहत होतो. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी ते हसू तोंडातच गोठलं. आबा एका काचेच्या पेटीत बसलेत आणि आतून हसतायत, असं मला दिसलं. त्या पेटीत जायची मला भीती होती. अजून आहे.

तर सुट्टी लागली आणि माझी बायको, कुंदा, म्हणाली, "आठवडाभर लूम बंद हायेत. कानाच्या डाक्टरकडं जाऊन येऊ."

"कुणाच्या कानाच्या?"

"माझ्या नव्हं."

मी म्हणालो, "माझ्या कानांना डॉक्टर नको, हवा पाहिजे. रानातली स्वच्छ हवा. रानात नेलंस आणि मला पाखरं ऐकू आली नाहीत, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येईन."

हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो. पण काल्हेरला माझा मावसभाऊ बाळाराम राहतो. त्यानं गोदामवाल्यांना जमीन देऊन आलेल्या पैशातून एक बस घेतली होती आणि तो नेमकी त्याच सुट्टीत पहिली सहल काढत होता: नऊ दिवस, कर्नाटकापासून निलगिरीपर्यंत, डोंगरातली राष्ट्रीय उद्यानं, स्वयंपाकी बरोबर, माहिती सांगायला गाईड बरोबर. कुंदानं दुसऱ्याच दिवशी दोघांची नावं घातली. "चला, पाखरं ऐकू," ती म्हणाली. मी म्हणालो, "चल की." बढाई मारणाऱ्याला नऊ दिवसांची शिक्षा आणि तीही पुशबॅक सीटवर, असं पहिल्यांदाच झालं असेल.

गाईड होते कांबळे सर. आमच्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी. त्यांचा एक आवडता शब्द होता: "ऐका." बस थांबवायची, सगळ्यांना खाली उतरवायचं, बोट वर करायचं आणि म्हणायचं, "ऐका." सव्वीस माणसं गप्प. मग एकेकाची मान हळूहळू एका बाजूला कलायची आणि चेहऱ्यावर काहीतरी उजेड यायचा.

मी काय करायचो सांगू? मी चेहरे बघायचो. पहिली मान कलली की मोजून दोन श्वास थांबायचो आणि आपली कलवायचो. डोळे थोडे बारीक करायचे, ओठांवर किंचित हसू आणायचं. तिसऱ्या दिवशी तर मला इतका सराव झाला की कुंदाची मान हलल्याबरोबर मी चक्क "वा!" म्हणालो. सरांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. आत्या म्हणाली, "आमच्या जन्याला पाखरांचं एवढं येड कवापासून?" मी नम्रपणे खाली बघितलं. कुंदानं फक्त माझ्याकडं पाहिलं, जरा जास्त वेळ.

त्याच दिवशी आम्ही कुद्रेमुखच्या डोंगरातून गेलो. तिथं लोखंडाची मोठी खाण होती, ती आदल्या साली बंद झाली होती. कामगारांची वसाहत वाटेत लागली. ओळीनं घरं, खिडक्यांना पडदे नाहीत, दोरीवर कपडे नाहीत, एका फाटकाला सायकलीची साखळी तेवढी अडकवलेली. गवत पायरीपर्यंत आलं होतं. धुकं एका घराच्या दारातून आत जात होतं आणि मागच्या खिडकीतून बाहेर येत होतं, घर आपलंच असल्यासारखं. बसमध्ये निम्मी माणसं लूमवाली. यंत्रं थांबली की गावाचं काय होतं, हे आम्ही काचेतून पाहत होतो. बाळारामनं टेपवर गाणी लावली होती ती कुणीतरी हात लांब करून बंद केली. मला गाणी बंद झाल्याचं कळलंच नाही. मी आपला बोटानं ठेका धरून बसलो होतो. कुंदानं माझ्या बोटावर हात ठेवला.

लूमवाल्या माणसांची एक बोली असते, ती सांगायला हवी. कारखान्यात बारा लूम चालू असले की ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून सगळं हातानं. मूठ गोल फिरवली की बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, भरायचा. अंगठा ओठाला लावला की चहा. आणि दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावून झटक्यात दूर केल्या की सुताची तार तुटली, लूम थांबव. हा हात दिसला की लूमवाला विचार करत नाही. जिथं असेल तिथं थबकतो. कारण तुटल्या तारेवर लूम चालत राहिला तर अख्खं कापड वाया जातं. कुंदा वीस वर्षं माझा डबा घेऊन कारखान्यात येत होती. आमच्या संसारातली अर्धी भांडणं आम्ही हातांनीच केली आहेत.

पाचव्या दिवशी निलगिरीत पोचलो. डोंगराच्या माथ्यावर वनखात्याचं जुनं विश्रामगृह, पुढं गवताचा उतार, उतारावर अधूनमधून बुटक्या काळ्या झाडांचे पुंजके, आणि पलीकडं काहीच नाही. म्हणजे दरी असणार, पण तिथं नुसतं पांढरं होतं. संध्याकाळचे सहा वाजले असतील. बस बंद झाली, माणसं उतरली, आणि एकदम सगळीकडून ती शांतता आली. कुणीतरी कानांवर ओले हात ठेवल्यासारखी.

मी व्हरांड्यात उभा होतो आणि मला लूम ऐकू आले.

अगदी बारीक, लांब. नाही, बारीक नव्हे. जाडच, पण लांब. खालून कुठून तरी, त्या पांढऱ्याच्या आतून. मी बाळारामला विचारलं, "इथं कुणाचा कारखाना आहे रे?"

बाळारामचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुला पण येतोय?" जमीन विकण्याआधी त्याचे सहा लूम होते. मग बसमधले आणखी दोघं आले, तेही लूमवाले. आम्ही चौघं कठड्याशी उभे राहिलो, मान एका बाजूला करून. या खेपेला मी कुणाची नक्कल करत नव्हतो.

"सहा हायेत," बाळाराम म्हणाला. "माझेच हायेत."

"बारा," मी म्हणालो.

"चोवीस," तिसरा म्हणाला. त्याचा कारखाना मोठा होता.

आत्या मागून आली. तिनं आयुष्यात लूमला हात लावलेला नाही. ती आमच्याकडं बघत राहिली. "काय ऐकतावं रे? मला तर काय बी न्हाय येत." आणि मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, तिनं आवाज खाली आणला. इतका की मला तो फक्त ओठांवर वाचता आला. "नका ना असं उभं राहू."

वनखात्याचा एक वाटाड्या आमच्याबरोबर दिला होता, मारन. किडकिडीत, पन्नाशीचा, अनवाणी. तोही आम्हाला बघत होता. तो सरांशी मोडक्या हिंदीत काहीतरी बोलला. सर हसले, पण पुरतं नाही.

"तो विचारतोय," सर म्हणाले, "तुम्हाला कोण बोलावतंय?"

"सांगा त्याला, गिऱ्हाईक बोलावतंय," बाळाराम म्हणाला. आम्ही हसलो. हसून झाल्यावर लूम परत ऐकू आलेच.

मारन पुढं म्हणाला की उद्या सकाळी गवतातून चालायचं आहे, ज्यांना असं काही ऐकू येतं त्यांनी बसमध्ये थांबावं. रानात जायला कान रिकामे लागतात. धुकं असलं तर डोळ्यांचा उपयोग नसतो. जनावर जवळ असलं तर तो शिट्टी मारेल, आणि शिट्टी ऐकली की एकही पाऊल पुढं टाकायचं नाही, गुपचूप त्याच्याकडं यायचं.

सरांनी आम्हा चौघांना विचारलं. तिघं म्हणाले, आम्ही थांबतो, गारठाही फार आहे. कुंदा माझ्याकडं बघत होती. मी थांबलो असतो तर प्रश्नच मिटला असता. पण डॉक्टरची बाब होती. पाखरं ऐकणारा माणूस एका शिट्टीला कसा घाबरेल?

"छे! मला काहीच ऐकू येत नाही," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात खरं वाक्य, आणि तेही मी थाप म्हणून मारलं.

सकाळी आम्ही चौदा जण निघालो. बाळाराम शेवटी आलाच. सहलीचा मालक बसमध्ये बसला तर बरं दिसत नाही म्हणे. विश्रामगृहातल्या करड्या घोंगड्या प्रत्येकानं डोक्यावरून घेतल्या होत्या. पुढं मारन, मग सर, मग सगळे, आणि शेवटी मी. माणसं मोजायचं काम माझ्याकडं होतं. बाळारामनं प्रत्येक नातेवाइकाला काहीतरी पद दिलं होतं. मला मोजणी दिली कारण मोजायला अक्कल लागत नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता.

धुकं इतकं की पुढच्या माणसाची घोंगडी दिसायची, त्याच्या पुढची नुसती वाटायची. गवत ओलं, पायाखाली माती मऊ. आणि मला, अशा पवित्र जागी, लघवी लागली. शेवटच्या माणसाची एक सोय असते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मी चार पावलं बाजूला गेलो. किती वेळ लागला असेल? थंडी होती, चहा दोनदा झाला होता, जरा लागला.

त्या वेळात मारननं शिट्टी मारली. एकदा नव्हे, तीनदा. हे मला नंतर कळलं. सगळे गुपचूप डाव्या हाताच्या चढावर गेले आणि दगडांच्या आडोशाला बसले.

मी वाटेवर परत आलो तर पुढं माणसं उभी. करड्या घोंगड्या, वाकलेली डोकी, धुक्यात जरा पुसट. माझ्यासाठी थांबलेत असं वाटून बरं वाटलं. धुक्यात जवळचं लहान आणि लांबचं मोठं यांत फरक राहत नाही, हे भूगोलाच्या सरांनी आम्हाला शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं तेव्हा मी ऐकलं नसेन.

मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. म्हणजे अगदी त्यांच्यात नाही, पण त्यांच्या मागं. वास येत होता, ओला, गोठ्यासारखा. मला वाटलं आत्यानं पिशवीतली सुकट काढली. ती सुकट तिनं नऊ दिवसांसाठी आणली होती आणि प्रत्येक नाक्यावर पहारेकरी बसमध्ये डोकावून नाक धरत होते. मी म्हणालोही, "आत्या, इथं तरी नको गं."

आत्या काही बोलली नाही. हेच मुळात विचित्र होतं.

मग मला तळव्यांतून ते जाणवलं. लूमवाल्याला लूम कानांनी नाही, पायांनी कळतो. फरशीवर उभं राहून डोळे मिटून मी सांगू शकतो की कुठला लूम लंगडतोय. त्या ओल्या मातीतून तसाच हुंकार वर येत होता, खोल, एकसारखा, पोटऱ्यांपर्यंत. कालचेच लूम. आता ते दरीत नव्हते. माझ्या पायाखाली चालू होते.

मी घाबरलो का? नाही. सांगायला लाज वाटते, मला घरी आल्यासारखं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मला नीट ऐकू येत होतं, आणि त्यासाठी कुणाच्या चेहऱ्याकडं बघायला लागत नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एकजण उभा होता. घोंगडी डोक्यावरून घेतलेला, माझ्याच उंचीचा. मला तो बाळाराम वाटला. मी त्याच्याशी बोलायला लागलो. काय बोललो? सगळंच. म्हणालो, बाळ्या, मला पाखरं ऐकू येत नाहीत. एकही नाही. कुंदाला सांगू नको. चार वर्षं झाली. तो मान हलवत राहिला, हळूहळू, समजूतदारपणे. मी म्हणालो, कालपासून बरं वाटतंय बघ, इथं राहावंसं वाटतंय. त्यानं त्यालाही मान हलवली.

मग मला माझं काम आठवलं. मी बोट करून मोजायला लागलो. एक, दोन, तीन. माझ्या शेजारचा धरून सात. सातच? मला सोडून बाकीचे सहा कुठं गेले? मी परत मोजायला लागलो आणि पुढची जी घोंगडी मी आत्या म्हणून मोजली होती, तिचा कान हलला. घोंगडीचं एक टोक हलावं तसा, पण सुपाएवढा. पुढं गेला, मागं आला.

धुकं जरा विरळ झालं, पडदा कुणी बोटानं बाजूला करावा तसं. डाव्या चढावर, पन्नास-साठ पावलांवर, खरी माणसं दिसली. दगडाआड दाटीवाटीनं बसलेली, तोंडं उघडी. बाळाराम तिथं होता. कुंदाचा हात त्याच्या तोंडावर दाबलेला होता. ती एकटीच उभी होती. तिनं घोंगडी खाली टाकली, दोन्ही हात डोक्यावर उंच केले, तर्जनीला तर्जनी टेकवली आणि झटक्यात दूर केली.

तार तुटली. थांबव.

मी थांबलो. विचार करून नाही. पाय थांबले, बोट हवेत थांबलं, मला वाटतं पोटातली भीतीसुद्धा अर्ध्यावर थांबली. मग तिचे हात बोलू लागले. आमचे कारखान्यातले हात, डब्याचे, भांडणाचे. मागं. हळू. एक पाऊल. थांब. आता परत. आजूबाजूला बघू नको. माझ्याकडं बघ. मी तिच्या हातांकडं तिरक्या नजरेनं बघत उलटा चालत होतो आणि माझ्या समोर त्या करड्या आकृती वाढत होत्या. मी जितका लांब जात होतो तितक्या त्या मोठ्या होत होत्या, कारण आता मला त्यांच्या शेजारची झाडं दिसत होती. कुणीही मान वर केली नाही. एकीनं सोंड उचलली, जिथं मी उभा होतो त्या जागेवरून फिरवली, हवेतलं माझं जे काही उरलं होतं ते हुंगलं आणि सोंड परत गवतात नेली. मग सगळा कळप दरीच्या बाजूला वळला आणि धुक्यात शिरला. जाताना आवाज झाला का, ते मला विचारू नका. ज्यांचे कान चांगले आहेत ते सांगतात की नाही झाला.

मी चढावर पोचलो तेव्हा मारननं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. बाळाराम रडत होता आणि शिव्या देत होता. आत्या म्हणाली, "मला हत्तीन समजलास काय रं, भाड्या?" कारण मी तिथून काय बडबडत होतो ते त्या निःशब्द हवेत या सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू आलं होतं.

सगळ्यांना. शब्द न् शब्द.

मारन खाली जाऊन ठसे बघून आला. सहा, तो म्हणाला. चार मोठ्या, दोन पिल्लं. मी म्हणालो सात, एक अगदी माझ्या डाव्या हाताला होता, मी त्याच्याशी बोललो. मारननं सरांकडं पाहिलं. सर नंतर आम्हाला समजावून सांगत होते की हत्ती खूप खालच्या सुरात बोलतात, माणसाला ते ऐकू येत नाही, पण तळव्यांना एखादे वेळी जाणवू शकतं. काल संध्याकाळचंही तेच असेल. मला पटलं. अजून पटतं. फक्त मोजणीचं कोडं त्यानं सुटत नाही. मी कुंदाला विचारलं.

"तुमच्या बाजूला कुणी न्हवतं," ती म्हणाली. "तुम्ही एकटंच मान वळवून बोलत व्हतात." मग जरा थांबून, "आणि हसत व्हतात."

त्यानंतर मी मोजणीचं काम सोडलं. उरलेल्या दिवसांत आम्ही आणखी दोन उद्यानं पाहिली. सर बोट वर करून "ऐका" म्हणायचे आणि मी बसमध्ये बसून राहायचो. नाटक संपलेल्या नटाला मोकळं वाटतं म्हणतात. मला उघडं वाटत होतं. बसमधली माणसं माझ्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली, जसं आबांशी बोलायची.

परतीच्या वाटेवर एका घाटाखाली चहाला थांबलो तेव्हा मी कुंदाला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"चार वरसं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कवा बोललात?" तिनं बशीत चहा ओतला. "आणि त्या तिसऱ्या दिवशी मी मान वाकडी केली ना, आणि तुम्ही 'वा' म्हणालात, तवा कुठलंच पाखरू न्हवतं."

मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. चार वर्षांपूर्वी तिनं ओट्यावरचा दिवा बदलून ट्यूबलाईट लावली होती, तोंडावर उजेड पडावा म्हणून. काही सांगायचं असलं की ती हातातलं काम टाकून समोर येऊन उभी राहायची. हाक मारायच्या आधी दंडाला हात लावायची. फोन वाजला की तो माझ्या हातात आणून द्यायची. आणि मी? मला वाटायचं, वीस वर्षं झाली तरी बायकोचं आपल्यावर किती मन आहे, सारखी समोर येऊन उभी राहते! मित्रांना सांगायचोही. ज्याला मी माझं ऐकणं समजत होतो ते सगळं तिचं चालणं होतं. स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत, दिवसातून पन्नास वेळा.

बस पुढं निघाली. ती खिडकीशी होती, मी अलीकडं. पुण्याच्या पुढं कुठंतरी मला दिसलं की तिचा जबडा हलतोय. ती बोलत होती. पण तोंड माझ्याकडं नव्हतं, काचेकडं होतं. चार वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्याकडं न बघता बोलत होती. मी काचेत तिचे ओठ शोधले, पण काचेवर तिच्याच श्वासाची वाफ धरली होती. इंजिन गुरगुरत होतं, बाकीची बस झोपली होती. मी तिच्या दंडाला हात लावला असता तर ती वळली असती. नाही लावला. जे काही होतं ते मला ऐकवण्यासाठी नव्हतं, किंवा मला ऐकवण्यासाठी इतकी वर्षं साठलं होतं आणि आता माझ्यापर्यंत न पोचताच बाहेर पडायला हवं होतं. मधेच तिनं डोळे पुसले. मधेच, मी शपथेवर सांगतो, ती हसली. लोणावळा गेलं, पनवेल गेलं, ती बोलतच होती. एवढं माझ्याविषयी बोलण्यासारखं काय असेल, असं वाटून मला आधी गंमत वाटली, मग नाही वाटली.

कशेळीचा पूल आला. खाली खाडीचं पाणी काळं, समोर गोदामांच्या ओळी, ट्रकांची रांग. सुट्टी संपली होती. गावाकडून तो आवाज यायला लागला, आधी पायांना, मग बाकीच्या अंगाला. बसमधली माणसं झोपेतच जरा सैल झाली. कुंदा बोलायची थांबली. तिनं पदरानं काच पुसली, मग तोंड पुसलं, आणि सीटवर पुरती वळून, चेहरा उजेडात येईल अशी बसून मला विचारलं,

"डाक्टरकडं उद्या जायाचं का परवा?"

"उद्या," मी म्हणालो.